रुमाल टाकलेली जागा

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण दीक्षा हिच्यासोबत घडली. मनानं रचली असती, तर मी शेवट जरा बरा केला असता.

अमावास्येची रात्र वगैरे काही नाही. गेल्या उन्हाळ्यातली टळटळीत दुपार आणि आमच्या भागातलं एक छोटं विमानतळ. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही. दीक्षाला अजून कुठेतरी नोकरी करायची आहे.

काचेच्या दारात उभं राहून प्रवाशांना विमानाकडे सोडायचं, हे तिचं काम. दर्यापूरची पोरगी विमानतळावर लागली म्हणून मावशीनं गल्लीभर पेढे वाटले होते.

त्या दुपारी पुंजाराम आजोबा आले. हिवरखेडचे. विमानात पहिल्यांदाच बसणार होते. मुंबईत त्यांच्या लेकीचं, जमुनाचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं.

"बाबा आल्याबिगर मी आत जात नाई म्हन्ते पोरगी," त्यांनी दीक्षाला न विचारताच सांगितलं. खांद्यावरच्या लाल चौकड्यांच्या रुमालाची गाठ दाखवली. गाठीत लेकीच्या कपाळाला लावायचा अंगारा होता.

मग त्यांनी एस्टीत आपण सगळेच करतो ते केलं. दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर रुमाल टाकला आणि निवांत बाथरूमला गेले.

जागा धरली. आता काळजी कसली?

सगळे प्रवासी गेले. दीक्षानं त्यांचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. रुमाल तिला समोर दिसत होता. पण तिचा साहेब, गजेंद्र, घड्याळ बघत म्हणाला, "बंद कर."

तिनं दार बंद केलं.

आजोबा ओले हात धोतराला पुसत आले.

"काका, बोर्डिंग क्लोज झालंय."

"अवं, पन म्या रुमाल टाकला होता ना! थे काय, इमान पुढंच उभं हाये. जाऊ दे ना माय."

"नियम आहे काका."

म्हाताऱ्यानं काचेला हात लावला. "येस्टीचा कंडक्टर बी बेल माराच्या आंधी इचारते, कोनी रायलं काय म्हनून. तुमी इचारलं काय?"

विमान लगेच सुटलंही नाही. वरून परवानगी नव्हती म्हणे. किती तरी वेळ ते तसंच उन्हात उभं होतं आणि आजोबा काचेला हात लावून बघत होते. त्या वेळात ते दोनदा जाऊन बसले असते. दार कोणी उघडलं नाही.

शेवटी विमान उडालं. आजोबा रेल्वे गाठायला धावले, रुमाल खुर्चीवरच राहिला. दीक्षानं तो कपाटात ठेवला.

काही दिवसांनी जमुनाचा नवरा किशोर आला. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं दीक्षा अजून म्हणते.

"जमुना गेली," तो म्हणाला. "बाबाची वाट पाहू पाहूच आत गेली, थे वापस नाई आली. बाबा रेल्वेतच होते. लेकीच्या तेरवीआंधी थे बी गेले. त्यायचा रुमाल इथं रायला काय?"

दीक्षानं कपाट उघडलं.

रुमाल नव्हता...

त्याच दुपारी प्रवासी जमले. गर्दी होती, लोक उभे होते. दाराजवळची पहिली खुर्ची मात्र रिकामी.

तिच्यावर लाल चौकड्यांचा रुमाल होता...

कोणी बसत नव्हतं. आपल्याकडे टाकलेला रुमाल कोण उचलतो? दीक्षानं उचलला. ओला होता. कोपऱ्याला गाठ होती.

तिनं कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खुर्चीवर. त्यानंतर रोज.

एका दुपारी सगळे प्रवासी विमानात गेले. हॉल रिकामा. बाथरूममध्ये नळ वाहत होता. फक्त खुर्ची आणि रुमाल. दीक्षाला राहवलं नाही. तिनं विचारलं.

"कोनी रायलं काय?"

बाथरूमचा नळ बंद झाला...

"रायलो ना माय. थांब."

ओल्या चपला फरशीवर वाजू लागल्या. पच्... पच्... सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या. दिसत कोणीच नव्हतं. दार उघडं होतं. तिला फक्त बाजूला व्हायचं होतं.

"दीक्षा, काय करून राहिली? बंद कर!" वॉकीटॉकीवर गजेंद्र ओरडला.

आणि तिनं दार बंद केलं.

दुसऱ्यांदा.

चपला थांबल्या. काचेवर, आतल्या बाजूनं, दोन ओले तळवे उमटले...

विमान जाईपर्यंत ते तिथंच होते.

त्या दिवसानंतर खुर्चीवर रुमाल आला नाही. दीक्षानं नोकरी सोडली. मावशीला वाटतं, पोरीला मेहनत झेपली नाही. वाटू दे.

आता ती अमरावतीला एका दुकानात जाते. रोज दर्यापूरहून एस्टीनं. बस कितीही भरलेली असो, तिच्या शेजारची जागा रिकामी असते. परवा मी तिच्यासोबत होतो. मागं उभा होतो. म्हटलं, बसावं शेजारी, तर सीटवर लाल चौकड्यांचा रुमाल. ओला.

एक बाई लेकरू कडेवर घेऊन आली. "पोरी, इथं कोनी हाये काय वं?"

दीक्षानं मान वर केली नाही.

"हाये," ती म्हणाली.