निळ्या मुलीची अकरा पावलं

यातला एकही तपशील मी वाढवलेला नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या ऋतुजाताई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्यांची सवय. त्यांनी वेळेसकट सांगितलं, तसंच लिहिते आहे.

ठिकाण, सोलापुरातली शुक्रवार पेठ. दिवस, यंदाची अक्षय्य तृतीया.

आणि रात्र नव्हती. दुपारचे पावणेदोन वाजले होते.

ताईंच्या माडीवरचे जुने पत्रे काढून स्लॅब टाकायचा होता. त्यासाठी धाकटा भाऊ अजिंक्य माळा रिकामा करत होता.

"अक्का, बघ काय घावलं!"

त्याच्या हातात धुळीनं माखलेला व्हिडिओ गेम होता. लहानपणीचा. त्यात अजून एक कॅसेट अडकलेली.

"किल्ल्याची कॅसेट गं! असला भिकार गेम जगात दुसरा नसंल. सेव्ह होत न्हाय. पॉज केला की अडकून बसतो. आन सातवा दरवाजा तर कुणाच्या बापाला उघडला न्हाय!"

ताईंनी बोटानं कॅसेटवरची धूळ पुसली.

सातवा दरवाजा एकदा उघडला होता.

अजिंक्यनं माडीवरचाच जुना टीव्ही पुसला, वायर जोडल्या. पडद्यावर मुंग्या आल्या... मग चित्र स्थिर झालं.

"चालतंय की! जपानच्या मालाला मानलं पायजे."

"चिनी आहे तो."

"तुझं आपलं मास्तरीणपण चालूच." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आत्या स्टेशनवर उतरली. घेऊन येतो. तू खेळ तोवर. पण दुसरी जॉयस्टिक न्हाय बरं का, वायर उंदरानं खाल्ली."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग घर शांत.

त्या गेममध्ये दोन मुली होत्या. एक लाल, एक निळी. दोघींनी मिळून किल्ल्यातून बाहेर पडायचं. लाल पहिल्या खेळाडूची, निळी दुसऱ्याची. निळीला कुणी हलवलं नाही, तर थोड्या वेळानं ती आपोआप खाली बसायची.

निळी नेहमी पायलची असायची.

पायल म्हणजे होटगीच्या मथुराआत्याची मुलगी. आठ वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे आलेली. ताई तेव्हा बाराच्या. एकोणतीस वर्षांपूर्वी, अशाच अक्षय्य तृतीयेला, घरातले सगळे मोडनिंबला लग्नाला गेले होते. माडीवर दोघीच. डोक्यावर तापलेला पत्रा.

सकाळपासून खेळून दोघी सातव्या दरवाजापर्यंत पोचल्या होत्या. पहिल्यांदाच. गेम थांबवला की अडकणार. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून.

"अक्का, डोकं दुखतंय. पाणी पिऊन येते."

"थांब. हे दार होऊ दे. मी सांगितल्याशिवाय उठायचं न्हाय."

"लई तहान लागली गं..."

"थांब म्हणलं न्हवं!"

पायल थांबली. थोड्या वेळानं तिच्या हातातली जॉयस्टिक गळून पडली. पडद्यावरची निळी खाली बसली. ताईंना राग आला. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. पायलची जॉयस्टिक पुढं ओढली आणि डाव्या पायाच्या अंगठ्यानं तिचं बटण दाबत निळीला दारापर्यंत नेलं. पुन्हा पुन्हा हुकत होतं. शेवटी दार उघडलं. लाल पलीकडं गेली.

निळी अलीकडंच राहिली.

तेवढ्यात लाईट गेली. टीव्हीचा आवाज थांबला, पंखा थांबला. तेव्हा कुठं ताईंना मागचा श्वास ऐकू आला. भराभर, कोरडा.

पायलच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. घाम अजिबात नव्हता.

पाणी मागितल्यापासून चाळीस मिनिटं झाली होती. माठ माडीवरच्याच स्वयंपाकघरात, तिथून अकरा पावलांवर होता.

शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही. संध्याकाळी आत्यानं एवढंच विचारलं होतं, "पाणी मागितलं का गं तिनं?"

बारा वर्षांच्या ऋतुजानं सांगितलं, "न्हाय आत्या. ती झोपली होती."

तेव्हापासून आजपर्यंत, तेच उत्तर.

ताईंनी जॉयस्टिक हातात घेतली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नाही. लालला घेऊन निघाल्या. निळी सुरुवातीलाच बसून राहिली होती. ते बरोबरच होतं, दुसरी जॉयस्टिक जोडलेलीच नव्हती.

पहिला दरवाजा. दुसरा. पाचवा. बोटांना सगळं पाठ होतं.

सातव्या दरवाजापाशी लाल उभी राहिली. एकटीनं दार उघडत नाही. ताई जॉयस्टिक खाली ठेवणार, एवढ्यात...

डावीकडून निळी आत आली.

चालत. सावकाश. येऊन लालच्या शेजारी उभी राहिली.

ताईंनी खोक्यात पाहिलं. दुसरी जॉयस्टिक तिथंच होती. कुरतडलेली वायर बाहेर लोंबत होती.

जुनी चिप, कुठंतरी सर्किट जुळलं असेल. त्यांनी स्वतःला तसं सांगितलंही.

मग निळी वळली. दाराकडं नाही... मागं. एक पाऊल, दोन पावलं. ताई नकळत मोजू लागल्या. नऊ. दहा. अकरा.

थांबली.

आणि स्वयंपाकघरात, माठावर उपडा ठेवलेला स्टीलचा पेला... वाजला.

निळी परत आली. अकरा पावलं. लालशेजारी खाली बसली.

पुन्हा उठली. पुन्हा अकरा पावलं. पुन्हा पेला वाजला. पुन्हा येऊन बसली.

ताई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. पेला त्यांनी सकाळी स्वतः घासून उपडा ठेवला होता.

आता तो सरळ होता.

आतून कोरडा. पाण्याचा एक थेंब नाही.

जिन्यात पावलं वाजली. अजिंक्य आणि मथुराआत्या.

"काय गं, घामानं निथळतीस की! भूत बघितल्यागत उभी काय?" आत्या हसत भिंतीला टेकली. "सकाळी घागरी पुजून आले. आमच्या मालकांची एक, सासू-सासऱ्यांची एक. पाणी भरलं की जीव थंड हुतो बघ."

अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसांसाठी पाण्यानं भरलेली मातीची घागर पूजतात. आत्याचं हे कधी चुकलं नव्हतं.

"आन पायलची?" ताईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"तिला कशाला? झोपेत गेली माजी लेक. तहानलेली न्हाय गेली."

दरवर्षी हेच वाक्य. हे वाक्य ताईंनी दिलेलं होतं.

आतल्या खोलीत पेला वाजला.

"मांजर शिरलं का काय?" अजिंक्य म्हणाला.

ताई खाली बसल्या आणि बोलल्या. सगळं. दार, पायाचा अंगठा, चाळीस मिनिटं. आवाज चढला नाही, एक शब्द वगळला नाही.

आत्या ताईंच्या समोर येऊन बसली. मग पदर तोंडाला न लावताच म्हणाली,

"मला फसवलंस, त्याचं काय न्हाय पोरी. तू बी लेकरूच हुतीस. पण एकोणतीस वरसं तिला तहानलेली ठेवलीस. आन ती माज्या हातनं ठेवलीस."

अजिंक्यनं न बोलता कुंभाराकडून नवी घागर आणली. आत्यानं ती भरली, हळद-कुंकू लावलं, टीव्हीपासून अकरा पावलांवर, माठाशेजारी ठेवली.

"पायल, पी गं बाय," एवढंच म्हणाली. जाताना ताईंकडं न बघता बोलली, "ही हितंच ऱ्हाऊ दे. जितं तहान लागली तितं."

ताईंनी गेम बंद केला. कॅसेट काढून ठेवली. घागरीच्या आत, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं एक खूण केली.

नवी घागर पाझरते. सोलापूरच्या उन्हात दिवसाला बोटभर पाणी तरी नक्की उडतं. खात्रीसाठी ताईंनी त्याच कुंभाराची तशीच दुसरी घागर शेजारी भरून ठेवली. ती सहा दिवसांत निम्म्यावर आली.

पायलची घागर खुणेवरच आहे, एक घोटही कमी नाही. आज बावीस दिवस झाले. बाहेरून हात लावला तर माती कोरडी.

आत्याचा फोन त्यानंतर आलेला नाही.

रोज पावणेदोनला ताई घागरीपाशी बसतात आणि मोठ्यानं म्हणतात, "पायल, झालं दार. ऊठ. पाणी पी."

मागच्या रविवारी मी तिथं होते. ताईंनी माझ्यासमोर पेला घागरीवर उपडा ठेवला. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसलो. टीव्ही बंद होता, प्लग काढलेला.

काहीच ऐकू आलं नाही. मला जरा बरंही वाटलं. निघताना सहज आत डोकावले...

पेला सरळ होता.

मी बोट घालून पाहिलं. कोरडा.