चोचीपासून शेपटीकडे

दृष्टी गेल्यापासून बाबांनी रंगांच्या ट्यूबांना दोरे बांधून गाठी मारल्या होत्या. निळ्याला एक, हिरव्याला दोन, केशरीला तीन. पक्ष्यांची चित्रं काढण्यात त्यांची हयात गेली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यांच्या चित्रांच्या पुस्तकाचं शेवटचं पान तेवढं कोरं राहिलं होतं. लेकीनं दुर्बिणीतून पाहून सांगायचं, बाबांनी रंगवायचं, असं ठरवून दोघं जंगलातल्या एका खोलीत राहायला आली. लेक रंगांच्या कारखान्यात छटा जुळवायची. तिच्या नजरेवरच तिची नोकरी होती.

पहिल्याच सकाळी समोरच्या फांदीवर एक पक्षी येऊन बसला. नवरंगाएवढा, पण नवरंग नव्हे. तिनं घाईघाईनं पक्षी ओळखायचं पुस्तक उघडलं.

"पानं चाळू नकोस," बाबा खेकसले. "नाव मागाहून. आधी रंग. चोचीपासून शेपटीकडे."

"चोच काळी. गळा केशरी, पिकल्या पपईसारखा."

बाबांनी तीन गाठींची ट्यूब चाचपून उघडली.

दुपारी तिनं पपई कापली, तर आतून राखाडी. प्रवासाचा शीण असेल, म्हणत तिनं डोळ्यांवर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी पाठ हिरवी सांगितली. जेवायच्या वेळेपर्यंत खिडकीबाहेरचं सगळं जंगल राखेचं झालं होतं. तिनं पिशवीतून कारखान्याचा रंगतक्ता काढला. केशरी आणि हिरव्या चौकटी राखाडी. निळ्या जिथल्या तिथे.

"बाबा, पुरे आता. मला भीती वाटतेय."

"एवढं पान होऊ दे गं. मग मी डोळे मिटायला मोकळा."

तिचा बाबांवर जीव होता. तरी त्या दिवशी तिला त्यांचा मनापासून राग आला. संध्याकाळपर्यंत ती खोलीत येरझारा घालत राहिली.

तिसऱ्या सकाळी पक्षी थेट खिडकीच्या चौकटीवर. पंख निळेशार. तिनं ओठ घट्ट मिटले.

"सांग ना."

"उडाला," ती म्हणाली.

बाबा हसले. त्यांचा हात काही न चाचपता सरळ एका गाठीच्या ट्यूबवर गेला.

कागदावर फटकारा उमटला. राखाडी.

चौकटीवरचा पंखही राखाडी.

"खोटं बोलणं तुला लहानपणापासून जमत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा... तुम्हाला दिसतंय?"

त्यांनी ब्रश धुतला, फडक्याला टिपला आणि पक्ष्याकडे न वळता तिच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं.

"डोळा तेवढा राहिलाय. पापणी हलवू नकोस, बाळ."