काळा रंग येतो कुठून?

पांढऱ्या पडद्यावर काळा रंग येतो कुठून? हा प्रश्न केतकीला पडला त्या दुपारी तिला खरं तर रडू येत होतं.

गोष्ट थोड्या पुढच्या काळातली. नाशिकच्या दुकानांनी तेव्हा गिऱ्हाइकाची वाट बघत बसणं सोडून दिलं होतं. माल घेऊन दुकानाचा यंत्रमानवच घरी येई. केतकीकडे आलेल्याचं नाव होतं निरख. घरी थिएटर करायचं म्हणून त्याने दोन उंची लेसर प्रक्षेपक (पडद्यावर चित्र टाकणारी यंत्रं) आणले होते.

घरात हौस मात्र कुणालाच नव्हती. थिएटर हवं होतं केतकीच्या आईला, आणि आई उन्हाळा संपता संपता तापाने गेली होती. ती काजव्यांचा अभ्यास करायची. रानातल्या शेवटच्या मुक्कामात तिने एक चित्रण केलं होतं. "त्यात मीपण आहे," असं ती फोनवर म्हणाली होती. केतकीने ते टॅबवर कितीदा तरी लावलं, पण आवाजच तेवढा ऐकू येई, आई दिसत नसे. मोठ्या पडद्यावर तरी ती दिसेल, या एकाच आशेवर ती बसली होती.

"सगळ्यात झगझगीत असेल तो लाव," बाबा म्हणाले. पैसे टाकले की काम फत्ते, असा मोठ्या माणसांचा एक लाडका समज असतो.

निरखने खिडक्यांचे जाड पडदे ओढले आणि पहिलं यंत्र लावलं. रानातली रात्र उमटली ती राखुंडी फासल्यासारखी. चार-दोन काजवे लुकलुकले, बस्स. दुसरं यंत्र लावलं. रात्र किंचित गडद झाली, पण राखाडीच राहिली. केतकीने ओठ घट्ट मिटून घेतले.

कोपऱ्यात आबा बसले होते. ते आईचे वडील. सगळी नोकरी त्यांनी प्रकाशाच्या प्रयोगशाळेत केली होती. मुलगी गेल्यापासून ते फारसे बोलत नसत.

"निरख, यंत्र बंद कर," ते म्हणाले. "केतकी, पडदा कसा दिसतो?"

"पांढरा. म्हणजे, मळकट."

"आता चालू कर. रात्र कशी दिसते?"

केतकीने निरखून पाहिलं. "तशीच मळकट."

"मग यंत्राने काळा रंग टाकला कुठे?"

आबा खुर्ची सरकवून तिच्याजवळ आले.

"लेसर म्हणजे एकाच रंगाचा, शिस्तीत एका दिशेने जाणारा प्रकाश. या यंत्रात तीन आहेत, लाल, हिरवा आणि निळा. तिन्ही मिसळले की पांढरा होतो, कमी-जास्त केले की बाकीचे रंग होतात. पण काळा लेसर नसतो, बाळा. काळा म्हणजे जिथे प्रकाश टाकलाच नाही ती जागा. तिथे पडदा नुसता उघडा असतो, आणि खोलीत जेवढा उजेड असेल तेवढा तो उजळतो."

"म्हणजे जास्त झगझगीत यंत्र घेऊन काही फायदा नाही?"

"उजेडाच्या दिवाणखान्यात आहे. तिथे ल्यूमेन (प्रकाशाचं माप) भरपूर लागतात. बंद खोलीत बघायचा तो तीव्रताभेद, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक. पहिल्या यंत्राचा प्रकाश नको तिथेही थोडा गळतो. दुसरं अंधारी दृश्यं आली की लेसर जवळजवळ मिटूनच घेतं."

"मग दुसऱ्यावरही राखाडी का?"

"दोष खोलीचा आहे," निरख म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आबा म्हणाले. "पण इथे अंगण खरंच वाकडं आहे."

"उजेड एकाच ठिकाणाहून येतो आहे," निरख पुढे म्हणाला. "आधी तो दिवा विझवा."

सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या. तिथे आईच्या फोटोपुढे दिवा तेवत होता. तेरावं होऊन किती दिवस उलटले, तरी बाबा त्यात तेल घालतच होते.

"विझवा म्हणायचं नसतं," बाबा कोरड्या आवाजात म्हणाले.

बिचाऱ्या निरखच्या शब्दकोशात ते नव्हतं. मराठी घरात बांगडी फुटत नाही, वाढते. आणि दिवा विझवत नाहीत, शांत करतात.

"स्वयंपाकघरात नेऊ या का?" केतकीने विचारलं.

"तेवता दिवा हलवत नाहीत. आणि तो गेला तर या घरात राहिलं काय?"

"बाबा, मला आई बघायचीय," केतकी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "फोटोतली नाही. चालणारी."

"उदय," आबा हळूच म्हणाले, "माझीही लेक होती ती. जन्मभर तिने अंधारात काम केलं. काजव्यांना त्रास नको म्हणून टॉर्चलासुद्धा लाल कागद लावायची."

"मला अंधाराची भीती वाटते, मामा," बाबा म्हणाले. सासऱ्यांना ते मामा म्हणत. इतके दिवस त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने ते उठले. फुंकर न घालता त्यांनी काडीने वात मागे तेलात ओढली. "शांत हो," ते पुटपुटले. ते दिव्याला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे.

निरखने दुसरं यंत्र पुन्हा लावलं. पडदा दिसेनासा झाला, भिंतही. मग अंधारात एक अख्खं झाड लुकलुकू लागलं. उजेडात बुडून गेलेले हजारो मंद काजवे आता दिसत होते. आणि त्या झाडासमोरून काहीतरी चाललं होतं. जिथून जाई तिथले काजवे झाकले जात, पुढे सरकलं की पुन्हा उजळत. डोकं. खांदा. वेणी.

"आई," केतकी म्हणाली.

तिच्यावर प्रकाशाचा कण नव्हता. ती नुसती काळी होती, तरी तिचं ते जरासं डावीकडे झुकून चालणं घरातल्या तिघांनीही ओळखलं. बाबा तोंडावर हात धरून रडत होते, आबाही. अंधाराची भीती कुणालाच वाटत नव्हती.

"हाच प्रक्षेपक ठेव," बाबा निरखला म्हणाले. "आणि छताला कुठला रंग द्यायचा ते सांग."

"गडद, चकाकी नसलेला, म्हणजे पडद्यावरचा उजेड छताला लागून परत पडद्यावर येणार नाही. आणि मघाशी चुकलो, दिवा शांत करा म्हणायला हवं होतं."

त्यांनी ते चित्रण पुन्हा लावलं, मग आणखी एकदा. पुढच्या उन्हाळ्यात आईचं झाड शोधायला जायचं, हे आबांनी तिथेच कबूल केलं. संध्याकाळी दिवेलागणीला केतकीने दिवा लावला, सगळ्यांच्या घरी लावतात तसा, आणि रात्री जेवणं झाल्यावर तो आपोआप शांत झाला तेव्हा बाबा तेल घालायला उठले नाहीत.