पहिल्या पाचांतली लॅपविंग

सेड्रिक थ्रप यांना गाडीतून बाहेर पडायला एवढा वेळ लागला, की खिडकीत उभ्या असलेल्या नॉर्मन स्टॅनियनचा अर्धा कप चहा पिऊन झाला. आधी टोपी आली, मग एक गुडघा, मग बराच वेळ काहीच आलं नाही. गाडी नॉर्मनच्या कमरेइतकीही उंच नव्हती. हिरवीगार, गोल पाठीची, बेडकासारखी रस्त्याला चिकटून बसलेली. निवृत्त ग्रंथपालाला न शोभणारा एक विचार नॉर्मनच्या मनात येऊन गेला.

"नॉर्मन, तोंड मिटा," मिस हेस्टर क्रोल म्हणाल्या. "गिऱ्हाईक बघतंय."

विमा कंपनीत वर्षानुवर्षं अपघाताचे दावे तपासून मिस क्रोल यांचा मोटारींवरचा विश्वास उडाला होता. माणसांवर तो मुळातच नव्हता. आता मार्शबीत, बियाणांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या खासगी तपासाची कामं घेत. नॉर्मनकडे चहा करणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही दोन खाती होती.

थ्रप आत आले. त्यांच्या पँटचा उजवा गुडघा ओलाचिंब होता.

"टपकते वाटतं," मिस क्रोल म्हणाल्या.

"सगळ्याच टपकतात," थ्रप अभिमानानं म्हणाले. "लॅपविंग आहे ती. मीच बनवतो. हीटर नाही, दाराला काच नाही, सामान ठेवायला जागा नाही. पण मॅडम, ताशी चाळीस मैलांनी वळण घेतलं की वाटतं, देव आहे."

"आणि साठनं घेतलं की तो भेटतो. असे दावे मी पाहिलेत. काम बोला."

काम असं होतं. लॅपविंग सुट्या भागांत विकली जायची. फायबरग्लासची बॉडी आणि सांगाडा थ्रप यांचा, इंजिन आणि चाकं गिऱ्हाइकानं भंगारातून आणायची. पूर्ण गाडी विकली तर सरकार कर घेणार, सुटे भाग विकले तर नाही. अट एवढीच, की जोडणी कशी करायची हे सांगायचं नाही.

"म्हणून आम्ही 'जोडलेली गाडी सुटी कशी करावी' असं पत्रक देतो," थ्रप म्हणाले. "गिऱ्हाईक ते शेवटून वाचतं."

नॉर्मनला हसू आलं. मिस क्रोल यांना आलं नाही.

"सुरुवातीला फजितीही झाली. छापखान्यानं मागच्या बाजूचं चित्र उलटं छापलं. पहिल्या पाचही जणांनी पेट्रोलच्या झाकणाचं भोक डावीकडे पाडायचं ते उजवीकडे पाडलं. एक सुटला नाही! नंतर आम्ही पत्रक सुधारलं." थ्रप यांचा चेहरा पडला. "ते जाऊ दे. शेजारच्या जिल्ह्यात हार्बर्ड मोटर्स म्हणून एक नवी कंपनी निघालीय. तिची केस्ट्रल बघा आणि माझी लॅपविंग बघा. जुळ्या बहिणी! माझी बॉडी चोरलीय त्यांनी."

"तुमची एखादी गाडी विकत घेऊन तिच्यावरून साचा काढला असेल."

"मग ओळखू येतो. आमचं गिऱ्हाईक घरी बसून करवत चालवतं, मॅडम. प्रत्येक गाडीवर त्याचे व्रण असतात, आणि ते साच्यात उतरतात. केस्ट्रल स्वच्छ आहे. ती माझ्या मूळ साच्यातूनच निघालीय. साचा ठेवतो त्या शेडच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी एमरिस पुगकडे. फायबरग्लासचं सगळं काम तोच करतो. अकरा वर्षं झाली." त्यांनी ओला गुडघा चोळला. "शुक्रवारी त्याला काढतोय. घरही कंपनीचंच आहे, ते सोडावं लागेल. मला फक्त पुरावा हवाय."

"निकाल आधी, पुरावा मागाहून," मिस क्रोल टोपी घालत म्हणाल्या. "तुमचं पत्रकही असंच वाचतात म्हणालात."

थ्रप मोटर्स म्हणजे एके काळची टर्की पाळायची शेड होती. राळेचा वास इतका उग्र होता, की जुना वास परवडला असता. एमरिस पुग हा ठेंगणा वेल्श माणूस हातातला ब्रश खाली न ठेवता म्हणाला, "या. हातकड्या आणल्यात का?"

"मी पोलीस नाही, मिस्टर पुग."

"मग बसा. खुर्ची नाही, पण बसा."

थ्रप यांनी भाच्याच्या नावानं मागवलेली एक केस्ट्रल दारापाशी उभी होती. मिस क्रोल वाकल्या आणि तिरप्या उजेडात तिच्या पाठीवरून नजर फिरवत राहिल्या. मग डोळे मिटून त्यांनी उजव्या मागच्या चाकावरच्या फुगीर भागावर तळवा फिरवला.

"नॉर्मन, हात लावा. काय लागतंय?"

"काही नाही... नाही, थांबा. किंचित खोलगट आहे. बशीएवढं. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं."

"आता इकडे या." त्यांनी त्याला मूळ साच्याकडे नेलं. तीच जागा, पण आतून. नॉर्मनचा हात आरशावरून फिरावा तसा फिरला.

"हार्बर्डच्या लोकांचं काम ढिसाळ दिसतंय," नॉर्मन म्हणाला.

"दिसतंय खरं," मिस क्रोल म्हणाल्या. त्या असं म्हणाल्या, की आपलं काहीतरी चुकलंय एवढं नॉर्मनला कळायचं. काय चुकलंय ते कळत नसे.

बाहेर पडताना त्यांनी थ्रप यांना एकच गोष्ट विचारली. त्या पहिल्या पाच गाड्या आज कुठे आहेत?

"एक जळाली. एक न्यूझीलंडला गेली. तीन इथल्याच लॅपविंग क्लबात आहेत. पण त्यांचा काय संबंध?"

रविवारी दुपारी क्लबाची मंडळी 'द प्लाउ' पबच्या अंगणात जमली. तिथली रीत नॉर्मनला पाच मिनिटांत उमगली. इथे कोणी वेगाच्या बढाया मारत नव्हतं. आपण गाडी जोडताना काय घोळ घातला, याच्या बढाया चालल्या होत्या. एकानं ब्रेकच्या जागी क्लच जोडला होता. त्याला सगळ्यांनी बिअर पाजली.

केन स्लाइट हा खाटीक हसत पुढे आला. त्याच्या गाडीचं झाकण चक्क उजवीकडे होतं.

"चुकीच्या बाजूला पाडलं, मग म्हटलं राहू दे. टाकीचं तोंड डावीकडे, झाकण उजवीकडे. मध्ये सीटच्या मागून नळी टाकली. थोडा वास येतो."

"थोडा?" नॉर्मननं नाकाला रुमाल लावला.

"अहो, सवय होते! रोज याच गाडीतून मटण पोचवतो. बायको म्हणते, तुमच्या मटणाला शेगडीच लागत नाही."

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मिस जोन अ‍ॅब्लेट यांनी आपल्या गाडीच्या उजव्या बाजूला रिव्हेट मारून बसवलेलं बिस्किटांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण कौतुकानं थोपटलं. त्यावर अजून निम्मी राणी आणि 'उत्तम बिस्किटं' अशी अक्षरं होती.

"तीन वर्षं झाली, हललं नाही. आधी फायबरग्लासनंच भोक बुजवणार होते. पण एमरिस म्हणाला, बाई, कितीही घासा, दोन हिवाळे गेले की भरलेली जागा आकसते, खाली बसते. मग म्हटलं, लपवायचं कशाला? मुलांना नकाशे शिकवते मी, आणि मलाच डावं-उजवं कळलं नाही. सांगायला बरं पडतं."

तिसरी गाडी अंगणाच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर उभी होती. पांढरीशुभ्र. तिचे मालक रूपर्ट गॅदरकोल दंतवैद्य होते आणि त्यांची गाडी त्यांच्या दवाखान्यासारखीच होती. झाकण डावीकडे, जिथे हवं तिथेच. उजव्या बाजूला सात हा आकडा असलेलं गोल कागदी चिन्ह, शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं. त्याच्या कडा उचकटल्या होत्या.

"शर्यतीत उतरता वाटतं?" मिस क्रोल यांनी विचारलं.

"छे. शोभेला आहे."

"कडा सुटल्यात."

"हो, चिकटतच नाही मेलं. दोनदा नवं आणलं."

"तुमच्या वेळी भोक कुठल्या बाजूला पाडलं होतं?"

"योग्य बाजूला," गॅदरकोल हसले. दात सुरेख होते. "मी चुका करत नाही, मिस क्रोल. माझ्या धंद्यात परवडत नाही. थ्रपलाही मी किती सुधारणा सुचवल्या. टपकणं थांबवता येतं, दारं नीट बसवता येतात. तो म्हणाला, मग ती लॅपविंग राहणार नाही. गावंढळ माणूस. मार्चमध्ये महिनाभर गाडी आत ठेवून मी स्वतः पॉलिश केली. बसून बघा ना."

नॉर्मन बसला. आत शिरताना दोन बटणं तुटली. पण एकदा बसल्यावर समोर लांबलचक नाक, हाताशी छोटं चाक, पायाखाली जवळजवळ रस्ताच. त्याला उठवेना. खरं तर उठताच येत नव्हतं, पण ते नंतर कळलं.

परतताना तो म्हणाला, "मला तर शिक्षिकेचा संशय येतो. फार हसते."

"नॉर्मन, ज्याला स्वतःवर हसता येतं त्याच्यावर संशय घ्यायचा तर तुरुंगात मोजकीच माणसं असतील."

गुरुवारी दुपारी मिस क्रोल यांनी तिघाही मालकांना गाड्यांसकट शेडमध्ये बोलावलं. थ्रप घड्याळाकडे बघत होते. पुग भिंतीला टेकून उभा होता. कोणी त्याच्याशेजारी उभं नव्हतं.

"मिस्टर थ्रप, केस्ट्रल स्वच्छ आहे असं तुम्ही म्हणालात. तुम्ही तिला हात लावून पाहिलंत?"

"मला तिच्याकडे बघवत नाही."

"तीच चूक झाली. उजव्या बाजूला, मागे, तळवा ठेवा."

थ्रप यांनी ठेवला. त्यांचा हात तिथेच थांबला.

"तुमच्या मूळ साच्यात हा खळगा नाही," मिस क्रोल म्हणाल्या. "मी पाहिलंय. मिस्टर पुगनी हा साचा कोणाला दिला असता, तर केस्ट्रल आरशासारखी निघाली असती. म्हणजे ती तुमच्या शेडमधून गेलेली नाही. ती एका गिऱ्हाइकाच्या गाडीवरून उतरवलीय. आणि नेमक्या याच जागी चुकीचं भोक पाडणारी गिऱ्हाइकं जगात पाचच झाली."

"एक जळाली, एक न्यूझीलंडला. राहिलो आम्ही तिघं!" केन म्हणाला.

"तुमचं भोक अजून उघडं आहे, मिस्टर स्लाइट. साचा काढताना ते ताजं बुजवलं असतं, तर ती जागा सपाट उतरली असती. हा खळगा जुन्या भरणीचा आहे. आकसून खाली बसायला दोन हिवाळे लागतात, हे मिस अ‍ॅब्लेटनीच सांगितलं. त्यांच्याकडे तर भरणी नाहीच, तीन वर्षं बिस्किटाचं झाकण आहे."

सगळ्यांच्या माना गॅदरकोलकडे वळल्या.

"मी सांगितलंय, मी चूक केलेली नाही."

"त्यावरूनच तर कळलं. चित्र उलटं होतं. पाचांतला एकही सुटला नाही, असं खुद्द थ्रप म्हणाले. बाकीचे आपला घोळ पबमध्ये बिअरच्या बदल्यात सांगतात. तुम्ही भोक बुजवलंत, घासलंत, रंगवलंत, आणि भरणी बसायला लागल्यावर वर सातचा आकडा चिकटवलात. दात भरणाऱ्याला स्वतःची भरणी झाकावी लागली, हे कसं सांगणार?"

"यात गुन्हा काय आहे?"

"काही नाही. पण तो आकडा आता चिकटत का नाही? साचा काढायच्या आधी गाडीला मेण चोपडतात, म्हणजे साचा सुटून येतो. मेणावर कागद टिकत नाही. मार्चमध्ये तुमची गाडी महिनाभर आत होती. आकडा काढलात, मेण लावलंत, साचा उतरवलात. परत आकडा लावायला गेलात तर तो धरेना. दुसऱ्या कोणी तुमच्या नकळत केलं म्हणाल, तर तो महिनाभर तिला फक्त तुमचाच हात लागला, हे तुम्हीच सांगितलंत."

मिस क्रोल यांनी कागदाची कड दोन बोटांत धरली. तो सहज निघून आला. खाली तिरप्या उजेडात बशीएवढा खळगा होता.

गॅदरकोलनी त्या खळग्यावरून अंगठा फिरवला.

"ती टपकत नाही," ते म्हणाले. "केस्ट्रल. हार्बर्डमध्ये पैसा माझाच आहे. दारं नीट लागतात. मी थ्रपला सांगितलं होतं, करून दाखवीन म्हणून."

"मग नवीन आकार काढायचा होतात," जोन अ‍ॅब्लेट म्हणाल्या.

"तो कोणाला येतो?" गॅदरकोल म्हणाले आणि गाडीत न बसता पायीच निघून गेले. वकिलांची पत्रं मागाहून जाणार होती. त्यांना अडवायला कोणी पुढे झालं नाही.

थ्रप खाकरले. "एमरिस, उद्याचं... ते रद्द समज. तू राहतोयस."

पुगनं ब्रश पुसला. "मी राहीन. पण बायको सोमवारपासून सामान बांधतेय. तिला तुम्हीच सांगा. माझं ती ऐकायची नाही."

पुगचं घर शेडच्या मागेच होतं. पत्रक कुठे मिळेल हे विचारायला म्हणून नॉर्मन मागोमाग गेला, आणि मिस क्रोल नॉर्मनला परत आणायला गेल्या. दार उघडंच होतं. भिंती मोकळ्या, खोक्यांची रांग लागलेली. मिसेस पुग शेवटच्या खोक्यावर बसल्या होत्या.

थ्रप यांनी सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. मिसेस पुग खोक्यावरून उठल्या नाहीत. तेव्हा थ्रप जमिनीवर बसले, एका खोक्याची दोरी सोडली आणि वर्तमानपत्रातून एक निळ्या काठाचा कप बाहेर काढला.

"हा कुठे ठेवू?"

"अकरा वर्षं याच कपातून इथे चहा प्यायलात," मिसेस पुग म्हणाल्या. "तुम्हालाच ठाऊक असेल."

थ्रप कप घेऊन उठले. आधी फळीकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग परत फळीकडे. आणि कप हातात धरून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले.