तिसऱ्या हॉस्टेलचं फाटक

हसा, पोरांनो, हसा. आधी चहा ओता आणि ते दार लावून घ्या. विद्यापीठाच्या या हॉस्टेलवर एकवीस वर्षं रखवाली करतोय, थापा मारायचं वय सरलं माझं. ही तोल्कुनची गोष्ट. माझा दोस्त, इथे नारीन शहरात रुग्णवाहिका चालवायचा.

गेल्या वर्षीची चौदा जानेवारी, रात्रीचे एक वाजून दहा मिनिटं. एका म्हाताऱ्याला घरी सोडून तोल्कुन रिकाम्या गाडीने परतत होता. तेवढ्यात फोन आला. तिसरं हॉस्टेल, म्हणजे हेच आपलं, मुलगी बेशुद्ध.

त्याने तिथेच गाडी वळवली. त्याच्या दोन वर्षं आधी इथूनच बुरमासाठी फोन गेला होता. एकोणीस वर्षांची दमेकरी पोर. मैत्रिणीने फोनवर सांगितलं, "पाचवं हॉस्टेल." हे पूर्वी पाचवं होतं; पाटी बदलून तिसरं होऊन कैक वर्षं झाली, पण तुम्ही सगळे अजून जुनाच नंबर सांगता. तोल्कुन पार त्या टोकाच्या नव्या पाचव्यापाशी भोंगा वाजवत राहिला. अकरा मिनिटं गेली. इथे खोलीत सगळ्या रडत होत्या, पण फाटकावर जायचं एकीलाही सुचलं नाही. अरे, पाहुणा आला तर आपण रस्त्यापर्यंत सामोरे जातो... बुरमा गेली. दाराची किल्ली माझ्या खिशात होती, मला तरी कुठे सुचलं?

तर त्या रात्री बर्फ भुरभुरत होता. फाटक दिसेना. मग मोबाइलचा उजेड हलला. एक मुलगी. पातळ गाऊन, पायात निळ्या सपाता. गाडीच्या खिडकीशी वाकली. हाताने खुणावलं. धावत सुटली.

ती पुढे. गाडी मागे.

दारापाशी बाजूला झाली...

वरची मुलगी वाचली. रक्तातली साखर उतरली होती, जरा उशीर झाला असता तर संपलंच होतं. तोल्कुन खाली येऊन म्हणाला, "बरं केलंस, फाटकावर पोरगी पाठवलीस."

"कुठली पोरगी?" मी म्हटलं. "दाराचं कुलूप थंडीने फिरत नव्हतं, कुणी बाहेर पडलंच नाही. तू आलास तेव्हा कुठे उघडलं."

त्याने हळूच विचारलं,

"बुरमाच्या सपाता... निळ्या होत्या का रे?"

मी मान हलवली.

आम्ही गाडीपाशी आलो. बाहेर उणे सव्वीस. गाडीच्या सगळ्या काचा गोठलेल्या. फक्त त्याच्या खिडकीवर, बाहेरून, तळहाताएवढी वाफ. त्याने बाहीने पुसली. पुन्हा उमटली... पुन्हा पुसली...

मग त्याने काचेला कपाळ टेकलं. "सावकाश घे, पोरी," म्हणाला. "सावकाश घे श्वास. मी आलोय."

उजाडेपर्यंत ती वाफ गोठली नाही.