एक्क्याण्णवचं ग्रहण

ग्रहणाला चार दिवस उरले होते आणि लेर्दो गावातल्या शिवणसामानाच्या दुकानात सेफ्टी पिनांवर बायकांच्या उड्या पडत होत्या. प्रत्येक गरोदर बाईला पोटाशी, आतल्या कपड्याला लावायला लाल फितीत ओवलेली पिन हवी होती. पिन नसली की ग्रहण पोटातल्या बाळाचा ओठ खातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. काउंटरमागची ग्रिसेल्दा सकाळपासून फीत कापत होती, थट्टामस्करी करत होती. प्रत्येकीच्या पोटाकडे बघायचं मात्र ती टाळत होती.

तेवढ्यात तो रांगेत येऊन उभा राहिला. उन्हानं रापलेला, झुपकेदार मिशांचा, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं.

"एक पांढरं बटण हवंय... की आज फक्त पोटुशी बायकांनाच सामान?"

"पुरुषांनाही मिळेल. पण नंबर शेवटचा."

"थांबतो की. चौकात आइसक्रीम विकतो मी. मी नाही वितळत, माल वितळतो."

ती हसली. तोही हसला, आणि मिशीआडचा ओठ तिरपा वर ओढला गेला. जुन्या टाक्यांची खूण दिसली. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं तिचं झालं.

"तुमच्या आईनं पिन लावली नव्हती वाटतं!"

रांगेतल्या बायका खिदळल्या. तो नाही हसला. "नव्हती लावली," एवढंच हळू म्हणाला आणि बटण न घेताच निघून गेला.

ग्रिसेल्दाला उरलेला दिवस जड गेला. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर एक वेळ ठीक; तिनं बोलावं? संध्याकाळी ती सुईदोरा आणि बटण घेऊन चौकात गेली. माफी मागायला शब्द सापडेनात, म्हणून तिनं त्याच्या अंगातल्या सदऱ्यावरच बटण शिवायला घेतलं. तो श्वास रोखून उभा राहिला... त्याच्या गळ्याशी लिंबाचा वास होता. दोरा तोडायला तिला वाकावं लागलं, तेव्हा दोघांचीही कानशिलं तापली होती. त्याचं नाव फेर्मीन.

ग्रहण झालं, उन्हाळा आला. वाळवंटाकडून धुळीची वावटळ उठली की तो गाडा तिच्या दुकानाच्या आडोशाला आणी आणि अक्रोडाच्या आइसक्रीमचा पेला पुढं करी. "धूळ खाण्यापेक्षा हे खा," म्हणे. ती लटकं रागावे, पेला मात्र चाटूनपुसून परत करी. ऑगस्टात त्यानं तिच्या अंगणात बसून लग्नाचं विचारलं.

ती नाही म्हणाली. का, तेही तिनं सांगितलं, कारण फसवणं तिला जमणार नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नवव्या महिन्यात तिनं तारेवर चादरी वाळत घातल्या होत्या, हात वर करून. तिसऱ्या दिवशी पोरगी मेलेलीच जन्मली, गळ्याला नाळेचा वेढा. सासूनं सारं खापर तिच्यावर फोडलं: हात वर केलेस, फास तूच आवळलास. नवरा महिन्याभरात कपडे घेऊन गेला. तेव्हापासून ग्रिसेल्दा कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळवायची.

"आता बोल," ती म्हणाली. "हे सगळं कळल्यावर... मला माफ करशील?"

"नाही."

ती उठायला लागली. त्यानं तिचं मनगट धरलं.

"ऐकून तर घे. माफी मी एकदा दिलीय, ग्रिसेल्दा. पुन्हा नाही देणार."

एक्क्याण्णव सालच्या ग्रहणात त्याची पोटुशी आई पिन न लावता दारात उभी राहिली होती. शाळेत पोरं त्याला 'ग्रहणाचं उष्टं' म्हणत. पंधराव्या वर्षी तो आईला म्हणाला, माझ्या तोंडाचं वाटोळं तू केलंस. त्यानंतर ती कधी त्याच्यासमोर जेवायला बसली नाही. बाजूला बसायची, त्याचा ओठ समोर दिसू नये म्हणून. मरताना तिनं माफी मागितली.

"आणि मी मोठ्या मनानं म्हणालो, केलं माफ. वर्षभरानं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओठ दुसऱ्या महिन्यातच घडतो. ग्रहणात आईला पाचवा होता. म्हणजे ती दारात उभी होती तेव्हा माझा ओठ आधीच असा होता... तिचा गुन्हाच नव्हता. मी माफ केलं आणि ती गुन्हेगार म्हणूनच गेली."

ग्रिसेल्दाची मुलगी गेल्याचं गावात त्याच्या आधीच कानावर आलं होतं; खुर्च्यांवरचे कपडे पाहून त्याला शंका आली, आणि तो त्याच डॉक्टरीणबाईंना विचारून आला होता. हात वर केल्यानं नाळ अडकत नाही. वेढा कित्येक बाळांना असतो, ती ठणठणीत जन्मतात. ही का गेली, ते बाईंनाही सांगता आलं नव्हतं.

"मग का गेली?" ग्रिसेल्दानं विचारलं. तीन वर्षं तिच्याजवळ निदान एक कारण होतं, आता तेही उरलं नाही. ती तोंडात स्वतःची मूठ कोंबून रडली.

"नाव काय ठेवलं होतंस?" तिचं रडणं ओसरल्यावर त्यानं विचारलं.

"नोएमी." हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "केस खूप होते... काळेभोर. ओले होते."

"पुढं मूल होवो, न होवो," तो म्हणाला. "वाईट झालं तर तुझ्याशेजारी बसून रडेन. बोट दाखवणार नाही. मला तू हवी आहेस."

तिनं डोळे पुसले.

"आईला सांगितलंस का, तिची चूक नव्हती म्हणून?"

"कुणाला सांगणार? ती गेली होती."

"थडगं आहे ना? उद्या जाऊ. तूच सांग तिला, माझ्यासमोर." मग ती म्हणाली, "होणाऱ्या सासूची पहिली भेट आहे. रिकाम्या हातानं नको जायला."

फेर्मीन नुसती मान डोलावत रडत राहिला.