डॉलीचं राहिलेलं काम

पंकजाताई, आईचं बीपी चांगलं आहे म्हणालात, बरं वाटलं. आता लाइट येईपर्यंत बसा जरा. तुम्ही नर्स आहात, म्हणून तुम्हाला सांगते. दुसरं कोणी हसेल. मीच हसले असते.

मी परवा श्रीगोंद्याहून आले ती आईला माझ्याकडे घेऊन जायला. एवढंच काम. पंचेचाळिशीच्या बाईला एवढं जमायला हवं. पण माझं घरात मांजरही ऐकत नाही, आई काय ऐकणार?

"म्या न्हाई येत," ती म्हणाली. "मच्छिंद्र आला अन् घरात कुनी नसलं म्हंजे?"

मच्छिंद्र, माझा धाकटा भाऊ, फौजेत होता हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे तो माग काढणारी कुत्री सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वी बर्फाचा कडा कोसळला, त्यात गेला. पेटी बंद आली. सोबतचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, उघडू नका. आईनं विचारलं, "तू तोंड पाहिलंस?" मी म्हटलं, "पाहिलं. झोपल्यासारखा होता."

मी शिवणकाम करते. ‘उद्या ब्लाउज तयार ठेवते’ यापलीकडे माझ्या खोट्याची मजल कधी गेली नव्हती. त्या दिवशी गेली. आणि आईला ते पटलंच नाही. ती रोज त्याचं ताट वाढत राहिली.

मागच्या महिन्यात ही डॉली आली. मच्छिंद्रची लॅब्राडोर. नऊ वर्षांची, तोंड पांढरं झालंय. रिटायर झाली, म्हणून त्याच्या युनिटमधला शेवगावचा हनुमंत तिला इथे सोडून गेला. तेव्हाही मी आले होते. तो सांगत होता, कडा कोसळला त्या दिवशी डॉलीच्या पंजाला टाके होते. म्हणून ती मागे राहिली. मच्छिंद्रला दुसऱ्या कुत्र्यांनी शोधलं. हिला कुणी सोडलंच नाही.

जाताना त्यानं तिचा कामाचा लांब पट्टा माझ्या हातात दिला. "हा बांधून वास दिला अन् ‘ढूँढ’ म्हटलं की ती निघते, ताई. सापडलं की बसते. पण सहज म्हणून करू नका. काम अर्धं राहिलं की झुरते ती."

मी सहज नाही केलं. मी शहाणपणा केला. रानात जिथे मच्छिंद्रला अग्नी दिला, तिथे गावानं चौथरा बांधलाय. मला वाटलं, डॉली तिथे जाऊन बसली की आई मानेल. माझं नाही तर नाही, कुत्रीचं तरी ऐकेल. दोन वर्षांनी तिथे कसला वास उरणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आईला सांगितलं, तशी ती उठली. ट्रंकेतून त्याचा शर्ट काढला. शेवटच्या सुट्टीतला, न धुतलेला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला. आधी तिनं स्वतः नाकाला लावला. मग डॉलीपुढं धरला.

"ढूँढ," मी म्हटलं. माझी हिंदी सीरियलमधली, तरी तिला कळली.

संध्याकाळची सहाची वेळ असेल. अंगण ओलांडताना लंगडणारी म्हातारी कुत्री, पण पट्ट्याला असा हिसका दिला की माझी एक चप्पल तिथेच राहिली. एरवी डोंगरावरच्या पवनचक्क्यांची घरघर कानात असते. त्या वेळी एकही पातं हलत नव्हतं. ज्वारीच्या धाटांचा तापलेला वास, माझी धाप, आणि मागे आईच्या काठीचा आवाज. बस.

चौथरा आला. डॉलीनं एक फेरी मारली, हुंगलं... आणि पुढे निघाली.

"बघ," आई मागून हळूच म्हणाली.

मला वर मान करवेना.

ती थेट फाट्यावर गेली, एसटी थांबते तिथे. सिमेंटचा बाक रिकामा होता. डॉली बाकासमोर बसली. वर बघत शेपटी आपटायला लागली. आणि मला गार वास आला, फ्रिजचं दार उघडल्यावर येतो तसा. एप्रिलमध्ये, पंकजाताई.

मग तिच्या मानेवरचे केस दबले. वारा नव्हता. केस उलटे होत होते, परत बसत होते... चार रेघा उमटायच्या, पुसायच्या. डॉलीनं डोळे मिटले आणि ती रडल्यासारखी कुंई कुंई करायला लागली.

"आई," मी म्हटलं, "मी तोंड नव्हतं पाहिलं."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तू खोटं बोलतीस तवा लई गोड बोलतीस."

ती बाकावर बसली. मधोमध नाही, एका कडेला. पदरानं शेजारची जागा पुसली. बराच वेळ तशीच बसून राहिली. मी उभी होते, एका पायात चप्पल घालून.

अंधारायला लागलं तसा पट्टा माझ्या हातातून सुटला. ओढला नाही कुणी, कुणी मागून घ्यावा तसा सुटला. मी वाकले उचलायला. तो खाली पडलाच नव्हता. डॉली घराच्या वाटेला लागली होती, आणि पट्टा तिच्या उजव्या अंगाला, माणसाच्या हाताच्या उंचीवर, तसाच तिरका चालला होता.

आई त्याच्या मागोमाग निघाली. काठी बाकापाशीच राहिली होती. मला तिचं बोलणं ऐकू आलं, "किती दिसांची सुट्टी हाय रं?"

उत्तर मला नाही ऐकू आलं. पण ती थांबली आणि बोटं मोजायला लागली. चार मोजली.

हे परवाचं. परवाचा दिवस धरला तर आज तिसरा. बीपी चांगलं आहे म्हणालात, जेवतेय, हसतेय. डॉलीही तिच्या पायाशी गाढ झोपलीय, झुरत वगैरे काही नाही. दुपारी मी पुन्हा विषय काढला, म्हटलं, श्रीगोंद्याला नको तर नको, तुला काय हवं ते तरी सांग.

म्हणाली, "एक स्वेटर आन मला. तिकडं लई गार असतंय म्हनतो."